पाटा चढवण्याआधी

बेळगावच्या बाजारातून भाजी भरलेली पिकअप जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाटाने गोव्यात उतरते. निपाणीकडची पिकअप एका फेरीला तंबाखूचे बोद नेते, दुसरीला खताची पोती, आणि लग्नसराईत मंडपाचे खांब. दोन्ही गाड्यांच्या गॅरेजातल्या तक्रारी मात्र ठरलेल्या असतात. भरली की मागून बसते, रिकामी असली की उडते, खड्ड्यात आपटते. उपायही ठरलेला: गाडी उचला. ज्याच्याकडे नेहमीची मालवाहू पिकअप आहे तो मागच्या स्प्रिंगला एक-दोन पाटे जास्तीचे चढवतो. ज्याच्याकडे २०१६ पासून भारतात मिळणारी इसुझूची व्ही-क्रॉस किंवा २०२२ मध्ये आलेली टोयोटाची हायलक्स आहे, तो पुढे आट्यांचे कॉइलओव्हर बसवून त्यांची कॉलर वर-खाली फिरवतो. खर्चात मोठा फरक असला तरी दोघांची समजूत एकच असते, की गाडी उंच झाली म्हणजे मजबूत झाली आणि मजबूत झाली म्हणजे आरामही वाढला. उंची, ताकद आणि आराम या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यातली उंची ही सर्वांत शेवटी हात लावण्याची गोष्ट आहे, आणि तीही गाडी मूळ ठेवणीत परत आणण्यापुरती.

कॉइलओव्हरपासून सुरुवात करू, कारण तिथे ही गल्लत स्वच्छ दिसते. यात गुंडाळी स्प्रिंग शॉकअपच्या भोवतीच बसवलेली असते. स्प्रिंगचे एक टोक गाडीचा भार घेते, दुसरे एका बैठकीवर टेकते. कारखान्यातून आलेल्या गाडीत ही बैठक पक्की असते. बाजारातल्या कॉइलओव्हरमध्ये शॉकअपच्या नळीवर आटे पाडलेले असतात आणि बैठक म्हणजे त्यावर फिरणारी कॉलर. कॉलर आवळली की स्प्रिंग दाबली जाते, म्हणून ती ‘कडक’ झाली असे वाटते. हिशेब वेगळे सांगतो. समजा, दर १० किलोला एक मिलिमीटर दबणारी स्प्रिंग आहे आणि तिच्यावर ६०० किलो भार येतो. ती ६० मिलिमीटर दबेल आणि तोलून धरेल. आता कॉलर २० मिलिमीटर आवळली. भार तेवढाच आहे, स्प्रिंगही तीच आहे, म्हणजे ती आताही ६० मिलिमीटरच दबणार. पुढच्या १० किलोला ती पूर्वीसारखीच एक मिलिमीटर दबेल. कडकपणात कणभर फरक पडलेला नाही. बदलली ती स्प्रिंगच्या बैठकीची जागा, आणि तिच्यामुळे गाडीची उंची. चाकापाशी तर ही वाढ २० मिलिमीटरपेक्षा जास्त भरते, कारण शॉकअप खालच्या आर्मवर चाकापासून आत बसवलेला असतो.

ही उंची फुकट मिळत नाही. शॉकअपची दांडी ठरावीक लांबीचीच आहे. आधी गाडी उभी असताना तिला बाहेर यायला ६० मिलिमीटर जागा होती, ती ४० उरली. वर दबण्याची जागा तेवढी वाढली, पण चाक खड्ड्यात उतरताना दांडी लवकर संपते, ‘टक्’ असा आवाज येतो आणि क्षणभर चाकाची रस्त्यावरची पकड सैल होते. पुष्कळजण हाच आवाज ऐकून स्प्रिंग अजून ढिली आहे असे समजतात आणि कॉलर आणखी दोन आटे वर नेतात. आर्मचे कोन बदलल्याने चाकांचे अलाइनमेंट बिघडते ते वेगळेच; टायर एका कडेने झिजू लागले की दोष टायरच्या कंपनीला लागतो. चारचाकी ड्राइव्ह असेल तर पुढच्या अॅक्सलचे सांधे कायम तिरके फिरतात आणि त्यांचे रबरी बूट आधी फाटतात.

मागच्या बाजूला प्रकरण निराळे आहे, आणि आपल्या भागातल्या बहुसंख्य गाड्यांचा खरा प्रश्न तिथेच आहे. हायलक्स असो की बोलेरो, मागे पाटेच असतात. जास्तीचा पाटा चढवला की स्प्रिंग खरोखर कडक होते, कॉलरसारखी नुसती जागा बदलत नाही. मग तक्रार कशाला? कारण पिकअपच्या मागच्या अॅक्सलवरचा भार रिकाम्या आणि भरलेल्या अवस्थेत सहज तिपटीने बदलतो. स्प्रिंगवर बसलेले वस्तुमान तिप्पट झाले की गाडी हेलकावे घेण्याचा वेग तीनच्या वर्गमुळाने उतरतो, म्हणजे साधारण ५८ टक्क्यांवर येतो. माणसाच्या शरीराला सेकंदाला एक ते दीड हेलकावा सोसतो. भरलेली मालवाहू पिकअप या पट्ट्याच्या आसपास असेल, तर तीच रिकामी झाल्यावर त्याच्या बरीच बाहेर जाते. पाटा वाढवला की भरलेली गाडी थोडी सावरते आणि रिकामी आणखी उधळते. भाजी उतरवून गोव्याहून बेळगावला येणारी गाडी बहुधा रिकामी किंवा अर्धी असते, म्हणजे निम्मा प्रवास पूर्वीपेक्षा वाईट झाला. त्यात शॉकअप जुनेच राहतात. स्प्रिंग धक्का साठवते आणि परत देते. तो परत आलेला धक्का तेलात जिरवून उष्णतेत बदलणे हे शॉकअपचे काम. पाटे वाढवून शॉकअप तेच ठेवले की साठवण वाढते आणि जिरवण तेवढीच राहते. पाट्यांचे एकमेकांवरचे घर्षण थोडी मदत करते, पण पाटे गंजले की ते चिकटून बसतात आणि लहान खड्डा थेट मणक्यात जातो. आराम हवा असेल तर आधी शॉकअप, बुश आणि टायरमधली हवा बघावी. हे सल्ले खपत नाहीत, कारण त्यात डोळ्यांना दिसणारा बदल काही होत नाही.

सर्वांत गंभीर बाब ब्रेकची आहे, आणि तिच्याबद्दल सर्वांत कमी बोलले जाते. अनेक पिकअपमध्ये मागच्या ब्रेकच्या नळीवर भार ओळखणारा व्हॉल्व्ह असतो. तो भार मोजत नाही. तो चासी आणि अॅक्सल यांच्यातले अंतर एका दांडीने पाहतो. अंतर कमी असेल तर गाडी भरलेली, म्हणून मागच्या चाकांना जास्त दाब. अंतर जास्त असेल तर रिकामी, म्हणून कमी दाब, नाहीतर मागची चाके जाम होऊन गाडी फिरेल. आता पाटे चढवून मागची बाजू चार बोटे उचलली आणि वर दीड टन माल भरला. व्हॉल्व्हला गाडी अर्धी रिकामीच दिसते. निपाणी-संकेश्वर दरम्यानच्या तवंदी घाटात किंवा चोर्ल्याच्या उतारावर मागचे ब्रेक कमी धरतात, सगळा ताण पुढच्यांवर येतो आणि ते तापतात. उंची ही या गाडीच्या लेखी भाराची खबर आहे. आपण ती खबरच खोटी करून टाकतो. दांडी नव्या उंचीला जुळवून घेता येते, पण पाटा चढवल्यावर ती जुळवणे बहुधा राहूनच जाते.

घाटाचाच दुसरा हिशेब वळणांचा. गाडी कुठल्या जोराला उलटेल हे ढोबळमानाने दोन बाजूंच्या चाकांतले निम्मे अंतर भागिले गुरुत्वमध्याची उंची यावर ठरते. अंतर दीड मीटर आणि गुरुत्वमध्य ७५ सेंटिमीटरवर धरला तर हे गुणोत्तर १ येते. गाडी पाच सेंटिमीटर उचलली की ते ०.९४ वर उतरते. सहा टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. पण तंबाखूच्या बोदांसारखा माल वजनाला हलका आणि उंचीला अफाट असतो, गुरुत्वमध्य आधीच वर गेलेला असतो. अशा गाडीपाशी शिल्लक मुळातच थोडी राहिलेली असते.

यावर पहिला आक्षेप रस्त्यांचा येतो आणि तो पोकळ नाही. निपाणी-चिकोडीकडची काळी माती पावसात चाक गिळते, खानापूरच्या पश्चिमेला पाऊस रस्ता ठेवत नाही; तिथे पोट घासू नये म्हणून गाडी उंच हवी, असे म्हणतात. पण मागचा अॅक्सल अखंड असतो. त्याच्या मधोमध लोंबणारा डिफरन्शियलचा गोळा जमिनीपासून किती वर आहे हे फक्त टायरच्या त्रिज्येवर ठरते. पाटे कितीही चढवा, चासी वर जाईल, गोळा आहे तिथेच राहील, आणि चाकोरीतल्या चिखलात आधी टेकतो तो हाच. पुढे स्वतंत्र सस्पेन्शन असलेल्या गाडीत इंजिनखालचा भाग उचलला जातो, तेवढा फायदा खरा. तरी रुतलेली गाडी निघते ती टायरच्या नक्षीने आणि शेतात उतरताना थोडी हवा कमी करण्याने, आणि डांबरी रस्त्याला लागताच हवा पुन्हा भरण्याने.

दुसरा आक्षेप पैशांचा. डिझेल आणि हप्ता भागवायचा तर फेरीमागे माल जास्त भरावाच लागतो, पाट्याशिवाय ते कसे जमणार? जास्तीचा पाटा गाडी वाकू देत नाही एवढेच. अॅक्सल, बेअरिंग, टायर, ब्रेक आणि चासी यांची क्षमता त्याने किलोभरही वाढत नाही. उलट वाकलेली गाडी निदान दिसत तरी होती. ताठ उभी राहिलेली जास्त भारित गाडी मालकालाच फसवते. कायदा या बाबतीत कोगनोळीच्या राज्यसीमेच्या अलीकडे-पलीकडे सारखाच आहे, कारण मोटार वाहन कायदा केंद्राचा. २०१९ च्या दुरुस्तीने मर्यादेपलीकडच्या भाराला २० हजार रुपये आणि वर दर टनाला २ हजार दंड ठरला. गाडीत नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला दर बदलामागे ५ हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूदही तेव्हाच आली. नोंदणीतला तपशील मूळ उत्पादकाच्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल कलम ५२ प्रमाणे चालत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच उचलून धरले. अपघातानंतर विम्याचा सर्व्हेयर गाडीखाली वाकून बघतो, तेव्हा चढवलेले पाटे त्याला मोजता येतात.

मग कॉलर आणि पाटा यांना हात लावूच नये का? लावावा, दोन प्रसंगी. पाटे वर्षानुवर्षांच्या भाराने बसले असतील, तर ते मूळ मापाचे नवे घ्यावेत. घण मारून कमान परत आणलेला पाटा काही दिवस बरा दिसतो आणि पुन्हा बसतो, आणि पाट्याला वेल्डिंग तर अजिबात करू नये, स्प्रिंगच्या पोलादाला दिलेले पाणी तिथेच उतरते आणि पाटा बरोबर शेजारी तुटतो. दुसरा प्रसंग कायमच्या वजनाचा. मागे पक्के कॅबिन किंवा पाण्याची टाकी अशी वस्तू नियमात बसून कायम गाडीवर राहणार असेल, तर त्या वजनासाठी वेगळ्या कडकपणाची स्प्रिंग लागते. ऑस्ट्रेलियात पिकअपची स्प्रिंग विकताना दुकानदार कायमचा भार किती आहे, हे आधी विचारतो आणि त्या गटातली स्प्रिंग देतो. उंचीचे बारीक जुळवणे त्यानंतरचे.

ते करताना माप सपाट फरशीवर घ्यावे, चाकाच्या केंद्रापासून मडगार्डच्या कडेपर्यंत, चारही बाजूंनी, गाडीत नेहमीचे वजन ठेवून. जमिनीपासून मोजले तर टायरची हवा आणि झीज मापात शिरते. कॉलर फिरवण्याआधी चाक उचलून घोड्यावर घ्यावे आणि आट्यांतली माती ब्रशने काढावी. तांबड्या धुळीत पाऊस पाहिलेली कॉलर तशीच ओढली तर अॅल्युमिनियमचे आटे सोलतात. दोन्ही बाजूंना सारखेच आटे फिरवावेत. आर्मचे बोल्ट सैल केले असतील, तर ते गाडी चाकांवर उभी करूनच शेवटचे आवळावेत. चाक लोंबकळत असताना आवळले तर आतले रबरी बुश कायम पिळलेले राहतात आणि काही महिन्यांत फाटतात. नवी सस्पेन्शन कुरकुरते म्हणून आलेल्या गाड्यांत हे कारण हमखास शोधावे. मग थोडे अंतर चालवून पुन्हा माप, अलाइनमेंट, ब्रेकच्या व्हॉल्व्हची दांडी, आणि हेडलाइटचा झोत खाली. हा शेवटचा भाग जवळपास कोणी करत नाही, आणि रात्री घाटात समोरून येणाऱ्या दुचाकीस्वाराला आपली गाडी किती उचलली आहे हे सर्वांत आधी कळते.