टाकीलाही श्वास लागतो

घरात गोडेतेलाचा पत्र्याचा डबा फोडताना आपण त्याला एक नव्हे, दोन भोके पाडतो. एकातून तेल बाहेर येते, दुसऱ्यातून हवा आत जाते. एकच भोक पाडले तर तेल गचके खात, थांबून थांबून पडते. ही गोष्ट घरातल्या आजीला ठाऊक असते. बोटीच्या पेट्रोलच्या टाकीलाही हाच नियम लागू आहे, हे मात्र पुष्कळ बोटवाल्यांच्या ध्यानात येत नाही.

माझ्या एका मित्राची देवबागला छोटी स्पीडबोट आहे. पावसाळाभर ती झाकून ठेवलेली होती. हंगाम सुरू होताना ट्रेलरवर घालून ती पेट्रोल भरायला नेली. नळी आत घातली की दोन लिटरही जात नाहीत, तोच ‘खट्’ आवाज होऊन पंप बंद. पुन्हा दाबा, पुन्हा खट्. वर तोंडातून पेट्रोलची चूळ अंगावर. तांडेल म्हणाला, “भाऊ, पंपच बिघडलो आसा.” पंपावरच्या मुलाशी थोडी बाचाबाचीही झाली. शेवटी नळी अर्धवट दाबून, पाऊण तास घालवून टाकी भरली.

चार दिवसांनी कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे, ओहोटी लागलेली असताना, इंजिन गुदमरून बंद पडले. बोटीत आठ पर्यटक, त्यांत दोन लहान मुले. बोट लाटा फुटतात त्या बाजूला ओढली जाऊ लागली. तांडेलाने नांगर टाकला आणि पेट्रोल आहे की नाही ते पाहण्यासाठी टाकीचे झाकण फिरवले. ‘फुस्स’ करून हवा आत शिरली आणि इंजिन पुन्हा सुरू झाले!

पंपाचा काहीच दोष नव्हता. टाकीला दोन वाटा असतात. एक जाड नळी पेट्रोल आत नेते. दुसरी बारीक नळी टाकीच्या माथ्यावरून निघून बोटीच्या बाजूला उघडते. ही हवेची वाट. पेट्रोल आत येते तेव्हा हवा तिथून बाहेर पडते. इंजिन पेट्रोल ओढते तेव्हा बाहेरची हवा तिथूनच आत येते. ती बुजली की भरताना हवा अडते आणि पेट्रोल जाड नळीत तुंबते. पंपाच्या नळीच्या टोकाजवळ एक बारीक छिद्र असते. ते पेट्रोलने झाकले गेले की आतला खटका पडतो व पंप बंद होतो. टाकी भरली असे त्याला वाटते. खरे तर फक्त गळा भरलेला असतो. बोट चालू असताना उलटे होते. टाकीत हवा न आल्याने पोकळी तयार होते आणि इंजिनाला पेट्रोल ओढता येत नाही. मित्राच्या बोटीत हवेच्या नळीच्या तोंडाशी कुंभारीण माशीने मातीचे घर बांधले होते!

तेव्हा खट्खट् सुरू झाली की क्रमाने तपासावे. पहिली गोष्ट, बोट सरळ आहे का? ट्रेलर कलता असला तर हवेच्या नळीचे टाकीतले तोंड पेट्रोलखाली बुडते आणि हवा दुसऱ्या कोपऱ्यात कोंडते. दुसरी, भरताना बाजूच्या छिद्राजवळ हात धरावा. हवा लागत नसेल तर वाट बंद आहे. तिथल्या बारीक जाळीवरचे मीठ, माती, रंग मऊ ब्रशने काढावेत. जाळी मात्र काढून टाकू नये, तारेने भोसकू नये; बाहेरची ठिणगी आत जाऊ नये म्हणून ती असते. तिसरी, हवेची नळी कुठे झोळ खाऊन लोंबते का ते पाहावे. त्या झोळात पेट्रोल साचले की हवा अडते. नळी टाकीपासून सतत चढती असावी. चौथी, जाड नळी कुठे मुडपली आहे का, आतून फुगली आहे का? आता आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि जुन्या रबराला ते मानवत नाही. नळी बदलायची तर बोटीच्या इंधनासाठीच बनवलेली घ्यावी.

दोन गोष्टी कधीही करू नयेत. नळी तोंडाने फुंकू नये, आणि टायरवाल्याकडची दाबाची हवा टाकीत सोडू नये, टाकी फाटेल. नळी दोन्ही टोकांनी सोडवून, हातपंपाने साफ करावी.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती उडून न जाता बोटीच्या तळाशी जाऊन बसते आणि एका ठिणगीची वाट पाहते. म्हणून भरताना माणसे खाली उतरवावीत, इंजिन आणि बॅटरीचा स्विच बंद ठेवावा, पंपाची नळी टाकीच्या तोंडाला टेकलेली असावी. सुटी टाकी असेल तर ती जमिनीवर ठेवूनच भरावी. भरून झाल्यावर तळाची झडप उघडून वास घ्यावा. वास आला तर चावी फिरवू नये.

आणि टाकी काठोकाठ भरू नये. तापमान १० अंशांनी वाढले की पेट्रोल साधारण १ टक्का फुगते. १०० लिटरच्या टाकीतून दुपारच्या उन्हात लिटर-दोन लिटर पेट्रोल हवेच्या वाटेने समुद्रात जाते. दहावा हिस्सा रिकामा ठेवावा.

मित्र आता पावसाळ्यात त्या छिद्रावर कापड बांधतो आणि बोट पाण्यात टाकण्याआधी, नारळ फोडण्याच्याही अगोदर, ते आठवणीने सोडतो. पंपावरच्या त्या मुलाशीही त्याने गोड बोलून घेतले आहे. यंत्र अडले की आपण आधी दुसऱ्याला दोष देतो. त्याआधी एकदा आपल्याच टाकीचा श्वास तपासून पाहावा.