बाबाचा मुखवटा आणि झोपेचे मार्क

तुमच्या घरी कोण घोरतं? आजोबा? मामा? की रात्रभर घोरून सकाळी "छे, मी कुठे घोरतो!" म्हणणारे बाबा?

आमच्या घरी मी घोरतो. म्हणजे घोरत असे. माझी मुलगी आता सातवीत आहे. चौथीत असल्यापासून ती आल्यागेल्या पाहुण्यांना माझ्या घोरण्याची नक्कल करून दाखवायची. "आधी रिक्षा सुरू होते, मग तिचा ट्रक होतो, मग ट्रक खंबाटकीचा घाट चढायला लागतो... आणि एकदम बंद पडतो!" इथे ती श्वास रोखून, डोळे मोठे करून गप्प बसायची. पाहुणे वाट बघत. मग "ख्खॉक्!" करून ट्रक पुन्हा सुरू. सगळे खो खो हसत. मीही हसायचो.

आता गंमत बघा. आम्ही सगळे त्या ट्रकच्या आवाजाला हसत होतो, पण खरी काळजी करण्यासारखी होती ती मधली शांतता. ट्रक बंद पडायचा तेव्हा माझा श्वासच थांबलेला असायचा!

हे कळलं कसं, ते सांगतो. सांगताना अजूनही लाज वाटते. मी मुलीला रोज सकाळी स्कूटरवरून शाळेत सोडायचो. त्या काळात मी कुठेही पेंगायचो. ऑफिसात, वरणभात खाताना, तिला गोष्ट वाचून दाखवताना. राजपुत्र गुहेच्या तोंडाशी पोचायचा आणि मी घोरायला लागायचो. उरलेली गोष्ट ती आपली आपण वाचून घ्यायची. एके दिवशी कर्वे रस्त्यावरच्या सिग्नलला मी दोन्ही पाय टेकून उभा होतो. मग काय झालं ते मला माहीतच नाही. एकदम मागून बसचा भोंगा, मुलीची किंकाळी, आणि स्कूटर डावीकडे कलंडलेली. सिग्नल हिरवा होऊन गेला होता आणि मी उभ्याउभ्या झोपलो होतो! तिच्या कोपराला थोडं खरचटलं, एवढंच. पण संध्याकाळी तिनं हळूच विचारलं, "बाबा, उद्यापासून मी बसनं जाऊ?"

तिनं रागावून विचारलं असतं तर बरं झालं असतं. दुसऱ्याच दिवशी मी डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टरांनी मला एक रात्र हॉस्पिटलात झोपायला लावलं. डोक्याला आणि हनुवटीला तारा चिकटवल्या, छातीला अन् पोटाला पट्टे, नाकाखाली नळी, बोटाला चिमटा. आरशात पाहिलं तर मी अगदी चांद्रयानावर निघाल्यासारखा! अशा अवतारात झोप कसली लागणार असं वाटलं, पण माझ्यासारख्या झोपाळू माणसाला ती लागलीच. दोन दिवसांनी निकाल आला. तासाला सरासरी 38 वेळा माझा श्वास अडकत होता किंवा अगदी क्षीण होत होता, तोही प्रत्येक वेळी दहा सेकंद किंवा त्याहून जास्त. तासाला तीसच्या वर गेलं की डॉक्टर त्याला गंभीर म्हणतात. या दुखण्याचं नाव स्लीप अ‍ॅप्निया. मुलीनं लगेच गुणाकार केला. सहा तासांचे 228!

"म्हणजे तुला कोणीतरी रात्रभर 228 वेळा उठवतंय?" तिनं विचारलं. बरोबर तेच. आपल्या घशाची नळी मऊ असते. जागेपणी तिच्याभोवतीचे स्नायू तिला उघडी धरतात. झोपेत ते सैल पडतात. काही जणांची नळी मुळातच अरुंद असते, जीभ मागे सरते, आणि श्वास आत ओढला की नळीच्या भिंती एकमेकींना चिकटतात. कागदाच्या स्ट्रॉनं उसाचा रस पिताना स्ट्रॉ भिजून मऊ झाली की काय होतं? जितकं जोरात ओढावं तितकी ती चपटी होते. तसंच हे. मग रक्तातला प्राणवायू उतरायला लागतो, मेंदू घाबरून क्षणभर जागा होतो, स्नायू आवळतो, "ख्खॉक्!" होतं आणि श्वास सुरू. हे जागं होणं इतकं छोटं असतं की सकाळी त्यातलं काहीच आठवत नाही. पण गाढ झोप जवळ आली रे आली की कोणीतरी दाराची बेल वाजवतंय, असं रात्रभर चालतं.

यावर उपाय म्हणून मला मिळालं सीपॅप नावाचं यंत्र. टिफिनच्या डब्याएवढं मशीन, त्याला लांब नळी, नळीच्या टोकाला नाकावर बसणारा मास्क. आमच्या आजीला वाटलं, याला ऑक्सिजन लावला! तिनं देवापुढे दिवाच लावला. पण यात ऑक्सिजन-बिक्सिजन काही नसतो बरं का. खोलीतलीच साधी हवा यंत्र गाळून, थोड्या दाबानं नाकात सोडतं. सायकलची ट्यूब हवा भरल्यावर जशी गोल राहते, तशी त्या हवेनं घशाची नळी उघडी राहते.

किती दाब? माझ्या मशीनला डॉक्टरांनी दहा लावून दिला. दहा म्हणजे दहा सेंटिमीटर पाण्याचा दाब. तो केवढा असतो ते तुम्ही घरीच बघा. उंच ग्लासात दहा सेंटिमीटर पाणी भरा, स्ट्रॉ पार तळापर्यंत घाला आणि हळूहळू फुंका. ज्या फुंकरीला पहिला बुडबुडा निघेल, तेवढाच तो दाब. इतकुसाच! पण झोपेतल्या घशाला तो पुरतो.

ही कल्पना सुचली ऑस्ट्रेलियातले डॉक्टर कॉलिन सलिव्हन यांना. त्यापूर्वी कॅनडात त्यांनी झोपलेल्या कुत्र्यांच्या श्वासाचा अभ्यास केला होता. तोवर अशा गंभीर रोग्याला एकच खात्रीचा इलाज होता. गळ्याला भोक पाडून तिथे नळी बसवायची. 1980 च्या जूनमध्ये सिडनीत एका रोग्याला हे ऑपरेशन नको होतं, पण प्रयोगाला तो तयार झाला. सलिव्हननी त्याच्या नाकातून दाबाची हवा सोडली. घसा उघडा राहिला आणि तो माणूस शांत झोपला. 1981 साली अशा पाच रोग्यांची हकिगत 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आली. पण तेव्हाचे मास्क! प्रत्येकाच्या नाकाचा प्लास्टरचा साचा घ्यायचा, त्यावरून मास्क बनवायचा आणि रोज रात्री तो नाकाला चक्क चिकटवायचा. सकाळी पुन्हा सोलून काढायचा. मोटारीचा आवाजही दणदणीत. हे वाचल्यापासून मी माझ्या मास्कबद्दल तक्रार जरा कमी करतो.

जरा कमी म्हटलं हं, बंद नाही. कारण पहिली रात्र भयंकर होती. चालत्या एस.टी.च्या खिडकीतून तोंड बाहेर काढून झोपायचा प्रयत्न करून बघा, तसं. तोंड उघडलं की हवा नाकातून येऊन तोंडातून सुसाट बाहेर. कडेनं फुस्स फुस्स आवाज. एक तास वीस मिनिटांनी मी मास्क काढून फेकला. दुसऱ्या रात्री तो झोपेत कधी काढला ते कळलंच नाही, सकाळी उशाखाली सापडला.

मुलीनं मात्र हे प्रकरण मनावर घेतलं. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयच्या प्रत्येक चौकटीत तिनं दोन आकडे लिहायचे ठरवले. एक, मशीन किती तास चाललं. तो मशीनच सांगतं. दुसरा माझ्या ताजेपणाचे मार्क, दहापैकी. हे मी सांगायचे, तेही खरे. (परीक्षेत मार्क मिळवण्यापेक्षा असे खरे मार्क सांगणं अवघड असतं, हे मला तेव्हा कळलं.)

पहिल्या आठवड्यात तास होते एक, दोन, शून्य, तीन. मार्क तीनच्या पुढे जाईनात. मग डॉक्टरांनी युक्ती सांगितली. दिवसा, जागेपणी मास्क लावून बसायचं. मी संध्याकाळी मास्क लावून पेपर वाचू लागलो. शेजारच्या पिंट्यानं खिडकीतून पाहिलं आणि सोसायटीत बातमी पसरवली की काका हत्ती झाले! घसा कोरडा पडायचा म्हणून मशीनच्या टाकीत डिस्टिल्ड पाणी घालून हवा दमट करून घेतली. सुरुवातीला दाब कमी ठेवून तो हळूहळू चढवायची सोय असते, तीही चालू केली. तिसऱ्या आठवड्यात तासांचा आकडा पाचावर गेला. घोरणं साफ बंद झालं. इतकं की पहिल्या शांत रात्री सौ. घाबरून दोनदा उठली आणि मी जिवंत आहे ना ते बघून गेली!

आणि ताजेपणाचे मार्क? चार. फार तर साडेचार.

इथे खरी परीक्षा सुरू झाली, बरं का. औषध घेतलं की ताप उतरतो, फोडावर मलम लावलं की फोड बसतो. मला वाटलं होतं, मास्क लावला की सकाळी मी टुणकन उडी मारून उठेन. काही जणांना पहिल्याच सकाळी तसं वाटतंही. मला मात्र पहिले काही दिवस उलट जास्तच थकल्यासारखं वाटायचं. शिवाय रात्रभर स्वप्नंच स्वप्नं! डॉक्टर म्हणाले, कितीतरी वर्षं शरीराला स्वप्नांची झोप पुरेशी मिळाली नव्हती, ती आता ते वसूल करतंय. पण मुलीचा धीर सुटत चालला होता. पाचव्या आठवड्यात तिनं पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणाली, "बाबा, हे मशीन खोटं बोलतंय का?"

मलाही तेच वाटत होतं. एवढा मास्क, एवढा खर्च, आणि मी दुपारी तीनला तसाच पेंगतोय. एका रात्री मी तो लावलाच नाही. सकाळी डोकं इतकं जड झालं की मार्क पडले एक! ही आठवण मात्र फार उपयोगी पडली. बरं वाटत नव्हतं हे खरं, पण पूर्वी किती वाईट वाटायचं ते मी विसरलो होतो.

आम्ही दोघं कालनिर्णय घेऊन डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरांनी आधी मशीनची नोंद पाहिली. श्वास अडकणं तासाला 38 वरून तीनवर आलं होतं. म्हणजे मशीन खरं बोलत होतं. पण मास्कच्या कडेनं हवा फार गळत होती, आणि ती फुसफुस मला उठवत होती. दुकानातल्या माणसानं माप न घेताच मोठा मास्क दिला होता. डॉक्टरांनी लहान मापाचा बसवला. मग त्यांनी सांगितलं, की श्वास सुधारूनही पेंग जात नसेल तर दुसरी कारणं शोधावी लागतात, थायरॉइड, रक्त कमी असणं, एखादं औषध. आणि मग तारखांच्या चौकटींवर बोट ठेवून मुलीला विचारलं, "रोज साडेपाच तासच का गं? हे झोपतात कधी?"

"साडेबाराला," कन्यारत्नानं सांगून टाकलं. "मोबाइलवर क्रिकेट बघतो. आणि सहाला उठतो."

झालं! मशीन घसा उघडा ठेवतं, पण रात्र काही लांबवत नाही. त्या दिवसापासून साडेदहाला माझा मोबाइल तिच्या दप्तरात कैद होऊ लागला.

एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो. तुमच्या घरी कोणाचा 'ट्रक' असा मध्येच बंद पडत असेल, तर नक्कल जरूर करा, पण त्यांना ते सांगाही. झोपलेल्या माणसाला स्वतःला हे बहुतेक वेळा कळत नाही. आणि हे फक्त मोठ्यांचं दुखणं नाही. मुलांमध्ये टॉन्सिल आणि नाकामागच्या अ‍ॅडिनॉइड ग्रंथी वाढल्या की असंच होतं. अशी मुलं पेंगतातच असं नाही. उलट चुळबुळी, चिडकी होतात, अभ्यासात लक्ष लागत नाही, अंथरूण ओलं होतं, आणि बिचारी बोलणी खातात. त्यांना बहुतेक वेळा त्या ग्रंथी काढून बरं वाटतं, काहींना मास्कही लागतो. रोज घोरत असाल तर आईला सांगा, लाजू नका.

तर माझे मार्क. नवव्या आठवड्यात पाच, मग सहा, पुन्हा पाच. मध्ये एका पावसाळी रात्री दोनला वीज गेली आणि हवा बंद! मी दचकून उठलो. मास्कला भोकं असतात, तो चटकन निघतोही, पण ती झोप गेली ती गेलीच. दुसऱ्या दिवशी चार. विश्रांती अशी एका सकाळी दार वाजवून आली नाही. ती आल्याचं मला उशिरा कळलं, तेही मुलीमुळे.

त्या रात्री मी तिला गोष्ट वाचून दाखवत होतो. आता ती मोठी झालीय, पण माझ्याकडून ऐकायला तिला आवडतं. गोष्ट संपली. मी पुस्तक मिटलं. ती माझ्याकडे बघतच राहिली.

"काय गं?"

"बाबा, तू शेवटपर्यंत वाचलंस."

ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि दुसऱ्या दिवशीच्या चौकटीत आदल्या रात्रीच सात लिहून आली. मी म्हटलं, "अगं, अजून झोपायचंय मला!" तर म्हणाली, "राहू दे."

हीच संधी साधून मी विचारलं, "मग उद्या शाळेत सोडू का स्कूटरवरून?"

तिनं थोडा विचार केला. "बसचा पास महिनाअखेरपर्यंत आहे," ती म्हणाली. "तो संपला की बघू."

पास संपायला अजून नऊ दिवस आहेत.