तिसऱ्या नियमाची जोडी

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन गावांतल्या मुलांना मी तीसेक वर्षे पदार्थविज्ञान शिकवले. बल आणि गती यांच्या शिकवणीचा आढावा घ्यायचा तर तिन्ही नियम घ्यायला हवेत. पण माझा जीव तिसऱ्यात आहे, आणि तो लपवण्यात अर्थ नाही.

पहिल्या नियमासाठी आपली लोकल पुरेशी आहे. ब्रेक लागला की उभी गर्दी पुढे झुकते, गाडी सुटली की मागे रेलते. जडत्व मुलांच्या अंगात आधीच मुरलेले असते, त्याला फक्त नाव द्यायचे. दुसऱ्या नियमाचे आता वस्तुमान गुणिले त्वरण एवढेच उरले आहे. न्यूटनने १६८७ साली तो गतीच्या परिमाणातल्या, म्हणजे आजच्या भाषेत संवेगातल्या बदलावर मांडला होता. झेल घेणारा हात मागे का नेतो, हे संवेगातूनच उलगडते. गतीच्या समीकरणांची गणिते प्रत्येक मार्गदर्शकात आहेत, तिथे मी रेंगाळत नाही.

तिसरा नियम मुले घडाघडा म्हणतात. मग मी विचारत असे, बले समान आणि विरुद्ध आहेत, तर मग एकमेकांना खोडून का टाकत नाहीत? वर्ग गप्प. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातली हातगाडी आठवा. माणूस गाडीला जेवढा ओढतो, तेवढीच गाडी त्याला मागे ओढते. तरी ती चालते, कारण ही दोन बले दोन वेगळ्या वस्तूंवर आहेत. माणूस पायाने रस्ता मागे रेटतो, रस्ता त्याला पुढे रेटतो. पावसात पाय घसरला की तोच माणूस, तीच गाडी, आणि सगळे जागच्या जागी. कर्जतला घाटासाठी मागे इंजिने जोडतात, त्यांनाही हेच लागू. दर ३७ मीटरला एक मीटर चढायचे असते आणि चाकांना पुढे ढकलतो तो रूळच. पकड सुटू नये म्हणून रुळावर वाळू सोडावी लागते.

वर्गात मी दोन ताणकाटे एकमेकांत अडकवून दोन मुलांच्या हाती देत असे. एक ओढायचा, दुसरा नुसता धरून उभा. दोन्हींचे काटे सहा न्यूटनवर. मग दुसरा काटा खिडकीच्या गजाला. पुन्हा सहा. ‘सर, गज कसा ओढेल?’ हा प्रश्न आला की तास सार्थकी लागला असे मी मानत असे.

आता माझे जुने भांडण. पुस्तकाचे वजन ही क्रिया आणि टेबलाचा आधार ही प्रतिक्रिया, असे शिकवणारे आजही आहेत. त्यांच्याशी मी शिबिरांत वाद घातला, तो इथेही घालतो. ती दोन्ही बले एकाच पुस्तकावर आहेत. ती संतुलित आहेत, जोडीची नव्हेत. लिफ्ट वर निघताना आधार वजनापेक्षा वाढतो. जोडीतली बले तर कधीच असमान होत नाहीत. अंबरनाथला वालधुनी नदीकाठच्या शिवमंदिरात मी मुलांना याचसाठी नेई. शके ९८२ चा, म्हणजे सन १०६० चा शिलालेख असलेले हे देऊळ. त्यातल्या एका दगडावर हात ठेवून सांगे: पृथ्वी याला खाली ओढते, तर हाही पृथ्वीला तेवढ्याच बलाने वर ओढतो. या वजनाची जोडी ती. खालच्या दगडाचा आधार ही वेगळी गोष्ट, आणि त्याची जोडी म्हणजे खालच्या दगडावरचा दाब.

२०१७ च्या नववीच्या पुस्तकात ‘गतीचे नियम’ हा पहिलाच धडा आहे. पण मुले तो क्लासच्या नोट्समधून वाचतात, आणि किती तरी शाळांत ताणकाटे कपाटात गंजतात. मुलाने काटा हलताना पाहिलाच नाही, तर सूत्र पाठ होईल, बल कळणार नाही.

शिक्षकांना माझे एकच मागणे आहे. या सुट्टीनंतर कपाट उघडा, दोन काटे काढा, एकमेकांत अडकवा, आणि आकडे मुलांना वाचू द्या.