घर दाखवावें कसें ?

राहतें घर विकावयास काढण्याचा प्रसंग गृहस्थाच्या आयुष्यांत एकदोनदांच येतो. त्यामुळें त्याचा अनुभव कोणासच पुरेसा नसतो. गतवर्षीं देवनार येथील आमचें घर विकण्याचें ठरलें, तेव्हां आम्हीही दलालाच्या सल्ल्यावर अवलंबून होतों. तो सल्ला अर्धा उत्तम व अर्धा अनिष्ट निघाला. वाचकांस दोन्ही भाग उपयोगी पडतील, म्हणून सांगतों.

उत्तम भाग असा. येणारा मनुष्य आपलें सामान पाहावयास येत नाहीं; त्याचा स्वतःचा संसार तेथें कसा मांडतां येईल, हें तो पाहतो. म्हणून त्यास मोकळी जागा दिसली पाहिजे. एकत्र कुटुंबांत हें काम सोपें नव्हे. माळ्यावरील ट्रंका, मोडका पाळणा, जुन्या मासिकांचे गठ्ठे, भिंतीवरील चार वर्षांचीं कॅलेंडरें एवढें निघाल्यावर बैठकीची खोली आम्हांसच अनोळखी वाटूं लागली. नंतर खिडक्यांच्या कांचा धुतल्या, गळके नळ बदलले, बिजागऱ्यांस तेल दिलें. देवघर मात्र सौभाग्यवतींनीं शेवटच्या दिवसापर्यंत हलवूं दिलें नाहीं. त्यापायीं कोणीं घर नापसंत केलें नाहीं.

आतां अनिष्ट भाग. आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीस पावसाळ्यांत ओल येते. तिच्यापुढें कपाट उभें करावें, असें दलालाचें म्हणणें. दुसरें असें कीं, घर दुपारींच दाखवावें. देवनारचें डंपिंग ग्राउंड १९२७ पासूनचें आहे. जानेवारी २०१६ मध्यें तेथें आग लागली, तेव्हां धुरामुळें आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या. दिवसा समुद्रावरून वारा येतो, तोंवर आमच्या घरांत वास नसतो. रात्रीं वारा फिरला म्हणजे येतो. "रात्रीं घर पाहावयास कोण येतो ?" असें तो हंसून म्हणाला. आमच्या चिरंजीवांस तें पटलें, कारण त्यांस नव्या जागेचें कर्ज फेडावयाचें होतें.

मला पटलें नाहीं. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ५५ व्या कलमान्वयें, विकणारास ठाऊक असलेला व घेणारास सामान्य दक्षतेनें न कळणारा महत्त्वाचा दोष सांगणें हें विकणाराचें कर्तव्य आहे. न सांगितल्यास ती लबाडी ठरते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांतील तिसऱ्या अधिकरणांत तर घरविक्रीची घोषणा शेजारच्या चाळीस कुळांसमक्ष, त्या घरासमोरच करावी, असें सांगितलें आहे. शेजाऱ्यांपासून घराचा कोणता दोष लपून राहतो ?

पुढें एक तरुण जोडपें वृद्ध आईसह घर पाहावयास आलें. मीं कपाट बाजूस सारून ओलीचा डाग दाखविला आणि एकदां रात्रीं येऊन जाण्यास सांगितलें. चिरंजीव दोन दिवस माझ्याशीं बोलले नाहींत. तीं मंडळी रात्रीं दहा वाजतां आलीं, गॅलरींत बराच वेळ उभीं राहिलीं, शेजाऱ्यांशीं बोललीं; आणि आठवड्यानें भिंतीच्या दुरुस्तीचा खर्च वजा करून घर घेण्यास राजी झालीं. रक्कम दलालाच्या अंदाजाहून कमी आली व चिरंजीवांच्या कर्जाचे हप्ते तितके लांबले, हेंही येथें लपवीत नाहीं.

तात्पर्य, विकावयाचें घर अवश्य झाडावें, धुवावें, मोकळें करावें. मात्र त्यांतील कपाटें भिंतीपासून थोडीं दूरच ठेवावीं. त्या इमारतीखालून जातांना खिडकींतून वृद्ध बाई हांक मारतात, तेव्हां मला मान वर करून उत्तर देतां येतें.