निवृत्तिवेतनाच्या वचनाचा हिशेब

टाटा स्टीलने मे २०१८ मध्ये जानेवारी ते मार्च या तिमाहीचे निकाल जाहीर केले, तेव्हा एकत्रित निव्वळ नफ्याचा आकडा होता १४,६८८ कोटी रुपये. आदल्या वर्षीच्या त्याच तिमाहीत कंपनीने १,१६८ कोटींचा तोटा दाखवला होता. पोलादाला त्या काळात भाव चांगला होता, हे खरे. परंतु या नफ्यातील ११,३७६ कोटी रुपये पोलाद विकून आलेले नव्हते, आणि ते कोणत्याही बँक खात्यात जमा झालेले नव्हते. ब्रिटनमधील हजारो आजी-माजी पोलाद कामगारांच्या निवृत्तिवेतन योजनेची फेररचना झाली, त्यामुळे कंपनीचे भावी देणे कागदावर कमी झाले आणि ही घट नफा म्हणून नोंदली गेली.

बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या ताळेबंदात निवृत्तिवेतनाचे आकडे कसे येतात, याचा उलगडा करण्यासाठी यापेक्षा चांगले उदाहरण शोधूनही सापडणार नाही. मुंबईत मुख्यालय असलेली कंपनी, वेल्समधील कारखाना, ब्रिटनमधील नियामक आणि निवृत्तांना दिलेले वचन, असे सारे धागे यात एकत्र आले आहेत.

निवृत्तिवेतनाच्या योजना मुख्यतः दोन प्रकारच्या असतात. पहिल्या प्रकारात कंपनी दरमहा ठरावीक रक्कम कामगाराच्या खात्यात भरते आणि तिथे तिची जबाबदारी संपते. पुढे त्या पैशांचे काय होईल ते बाजार ठरवतो. याचा हिशेब अगदी सोपा, भरलेली रक्कम हाच खर्च. दुसऱ्या प्रकारात कंपनी रकमेचे नव्हे, तर लाभाचे वचन देते. अमुक वर्षे नोकरी केलीत, तर शेवटच्या पगाराच्या अमुक हिश्शाइतके वेतन मरेपर्यंत आणि आपल्या पश्चात जोडीदारालाही. वचन आजचे, पण पैसे द्यायचे ते तीस-चाळीस वर्षांनी. त्याची आजची किंमत किती, हा खरा प्रश्न आहे.

ही किंमत विमागणितज्ञ, म्हणजेच ॲक्च्युअरी, काढतात. कामगार किती वर्षे जगतील, पगार किती वाढतील, महागाई किती राहील, असे अंदाज त्यासाठी बांधावे लागतात. या साऱ्यांत सर्वांत प्रभावी ठरतो तो वटावाचा दर, ज्याला लेखापाल डिस्काउंट रेट म्हणतात. वीस वर्षांनी द्यायच्या एक लाख रुपयांची आजची किंमत सहा टक्के दराने सुमारे ३१,१८० रुपये येते. दर पाच टक्के धरला, की तीच ३७,६८९ रुपये होते. दरात एका टक्क्याचा फरक आणि देण्यात वीस टक्क्यांहून अधिक वाढ! कामगार तेच, वचनही तेच. बदलला तो फक्त कोष्टकातला एक आकडा.

हा दर कंपनीने मनाला येईल तसा धरू नये, म्हणून लेखा-मानकांनी तो बाजाराशी बांधला आहे. आंतरराष्ट्रीय लेखा-मानक १९ नुसार उच्च पतदर्जाच्या कंपन्यांच्या रोख्यांवर मिळणारा परतावा त्यासाठी घ्यावा लागतो. भारतात याला अनुरूप असलेल्या इंड एएस १९ मध्ये मात्र एक वेगळी वाट आहे. देशातील योजनांसाठी सरकारी रोख्यांचा दर वापरायचा आणि परदेशातील उपकंपन्यांसाठी कंपनी रोख्यांचा. म्हणजे एकाच भारतीय समूहाच्या एकत्रित ताळेबंदात जमशेदपूरच्या कामगाराचे आणि वेल्सच्या कामगाराचे देणे दोन निरनिराळ्या मापांनी मोजले जाते. यात लबाडी काही नाही. भारतात दीर्घ मुदतीच्या कंपनी रोख्यांचा बाजार पुरेसा खोल नाही, हे त्यामागचे कारण. तरीही दोन्हींची बेरीज एकाच ओळीत वाचणाऱ्या भागधारकाला हे ठाऊक असलेले बरे.

एक वर्ष नफ्यात, पुढचे राखीव निधीत

टाटा स्टीलने २००७ मध्ये कोरस ही अँग्लो-डच कंपनी सुमारे ६.२ अब्ज पौंडांना विकत घेतली. कोरस १९९९ मध्ये ब्रिटिश स्टील आणि नेदरलँड्सची हूगोव्हेन्स यांच्या विलीनीकरणातून जन्मलेली. कारखान्यांबरोबर ब्रिटिश स्टील पेन्शन स्कीम ही जुनी योजनाही नव्या मालकाच्या पदरात आली. सरकारी मालकीच्या काळापासूनचे कामगार तिचे सदस्य होते, आणि पुढे २०१६ च्या सुमारास तिच्याकडे सुमारे १५ अब्ज पौंडांची मालमत्ता होती. निवृत्तिवेतन निधीचा आकार कंपनीच्या खरेदी किमतीच्या दुपटीहून मोठा! ब्रिटनमधील जुन्या उद्योगांच्या बाबतीत हे काही नवल नाही. अशा कंपन्यांना ‘कारखाना जोडलेला पेन्शन फंड’ म्हणण्याची पद्धत आर्थिक वर्तुळात पडली, ती उगाच नव्हे.

खरेदीनंतरच्या पहिल्याच आर्थिक वर्षात, २००७-०८ मध्ये, टाटा स्टीलने सुमारे १२,३५० कोटींचा एकत्रित नफा दाखवला. त्यातील सुमारे ५,९०० कोटी हे कोरसच्या निवृत्तिवेतन योजनांच्या गणितातून आलेले होते. यामागचे कारण मोठे विलक्षण आहे. अमेरिकेतील गृहकर्जांच्या संकटाने गुंतवणूकदार धास्तावले होते आणि कंपन्यांच्या रोख्यांवर अधिक व्याज मागू लागले होते. रोख्यांचा परतावा चढला, की वटावाचा दर चढतो आणि देणे घटते. जगभरातल्या भीतीचे प्रतिबिंब ताळेबंदात नफा म्हणून पडले, असे म्हणावे लागेल.

पुढल्या वर्षी वारे फिरले. २००८-०९ मध्ये याच योजनांवर सुमारे ५,५०० कोटींचा तोटा आला. मात्र तो नफा-तोटा पत्रकात न जाता थेट राखीव निधीत वळता झाला. त्या काळी लागू असलेले भारतीय लेखा-मानक १५ अशी तफावत ताबडतोब नफा-तोटा पत्रकात घ्यायला सांगत होते, तर कोरस ज्या आंतरराष्ट्रीय पद्धतीने हिशेब ठेवत होती तीत राखीव निधीचा पर्याय होता. कंपनीने धोरणातला हा बदल लपवला नाही. जुनी पद्धत ठेवली असती तर नफा किती कमी दिसला असता, हे टिपणीत स्पष्ट लिहिले होते. पण टिपणी वाचतो कोण? ठळक मथळ्यात जातो तो नफ्याचा आकडा.

हा प्रश्न एकट्या टाटांचा नव्हता. दरवर्षीच्या चढउतारांनी नफा हेलकावे खाऊ नये म्हणून जगभरच्या लेखा-मानकांनी अनेक वर्षे एक सोय ठेवली होती. तफावत देण्याच्या किंवा मालमत्तेच्या, यांपैकी जे मोठे असेल त्याच्या दहा टक्क्यांच्या आत असेपर्यंत ती नफ्यात दाखवण्याची गरज नव्हती. त्यापलीकडची रक्कमही कामगारांच्या उर्वरित नोकरीच्या वर्षांवर थोडीथोडी पसरता येत असे. शिवाय निधीवर ‘अपेक्षित’ परतावा किती मिळेल हे कंपनीच ठरवी आणि तो परतावा उत्पन्न म्हणून धरी, मग शेअर बाजार प्रत्यक्षात कोसळला तरी बेहत्तर. ब्रिटनने नोव्हेंबर २००० मध्ये एफआरएस १७ हे मानक आणून तुटीचा आकडा थेट ताळेबंदात आणण्याचा मार्ग घातला आणि कंपन्यांचे धाबे दणाणले. बूट्स या औषध विक्रेत्या कंपनीच्या निवृत्तिवेतन निधीने तर २००१ पर्यंत सारे शेअर विकून सुमारे २.३ अब्ज पौंड रोख्यांत गुंतवले होते. अनेक कंपन्यांनी त्यानंतरच्या काळात नव्या कामगारांसाठी लाभाच्या योजनांचे दरवाजेच बंद केले. हिशेबाची पद्धत बदलली म्हणून वचन देणेच थांबले, अशी टीका तेव्हा झाली. ती पूर्ण खरी नसली तरी पूर्ण खोटीही नाही.

आंतरराष्ट्रीय मानकातून दहा टक्क्यांची ही पळवाट १ जानेवारी २०१३ पासून गेली. त्याबरोबर ‘अपेक्षित’ परताव्याची मुभाही संपली. भारतातील मोठ्या कंपन्यांना १ एप्रिल २०१६ पासून इंड एएस लागू झाल्यावर येथेही तोच साचा आला. आता अंदाज बदलल्यामुळे देण्यात झालेली वाढ-घट ‘अन्य सर्वसमावेशक उत्पन्न’ नावाच्या वेगळ्या कप्प्यात जाते आणि पुन्हा कधीही नफा-तोटा पत्रकात परतत नाही. मात्र वचनच बदलले, म्हणजे योजनेतील लाभ वाढवले किंवा कापले, किंवा देणे कायमचे दुसऱ्याकडे सोपवले, तर त्याचा परिणाम थेट नफा-तोटा पत्रकात जातो.

ही रेषा नीट ध्यानात घेतली, म्हणजे २०१८ चा नफा उमजतो.

पोर्ट टालबोटचे वचन

टाटा स्टीलच्या संचालक मंडळाची बैठक २९ मार्च २०१६ रोजी मुंबईत झाली. ब्रिटनमधील व्यवसाय विकण्यासह सर्व पर्याय पडताळण्याचा निर्णय तीत झाला. पोर्ट टालबोटच्या कामगारांची बाजू मांडण्यासाठी त्यांच्या संघटनेचे नेते आणि तेथील खासदार स्टीफन किनॉक मुंबईला येऊन गेले होते. ग्राहक शोधताना निवृत्तिवेतन योजनेचे ओझे हा मोठा अडसर ठरला. ब्रिटिश सरकारने मे २०१६ मध्ये काढलेल्या विचारविनिमय पत्रात योजनेची तूट ४८.५ कोटी पौंड असल्याचे म्हटले होते.

येथे एक गोष्ट सांगायला हवी. तुटीचा हा आकडा आणि कंपनीच्या ताळेबंदातला आकडा एकच असतो, असे नाही. ब्रिटनमध्ये योजनेचे विश्वस्त दर तीन वर्षांनी स्वतंत्र मूल्यांकन करून घेतात आणि कंपनीने किती रोख रक्कम भरायची ते त्यावरून ठरते. विश्वस्त सावधपणे, बहुधा सरकारी रोख्यांच्या आधाराने दर धरतात. लेखा-मानक कंपनी रोख्यांचा, म्हणजे सामान्यतः चढा दर धरते. योजना विमा कंपनीला विकायची झाली तर ती आणखी तिसराच, सर्वांत मोठा आकडा सांगते. त्यामुळे एकाच दिवशी एकच योजना ताळेबंदात शिलकीची आणि विश्वस्तांच्या वहीत तुटीची दिसू शकते.

अखेर ऑगस्ट २०१७ मध्ये ब्रिटनच्या पेन्शन नियामकाने तोडग्याला मंजुरी दिली. टाटा स्टीलच्या ब्रिटिश कंपनीने जुन्या योजनेला ५५ कोटी पौंड आणि आपला ३३ टक्के हिस्सा द्यायचा, त्या बदल्यात योजनेची जबाबदारी तिच्यावरून उतरायची, असा हा तोडगा होता. त्याआधीच, ३१ मार्च २०१७ रोजी, योजनेत नव्या लाभांची भर पडणे बंद झाले होते.

सुमारे १ लाख २२ हजार सदस्यांपुढे मग निवड आली. कंपनीच्याच पाठबळाची नवी योजना घ्यायची, की जुन्या योजनेबरोबर पेन्शन प्रोटेक्शन फंड या वैधानिक संरक्षण निधीत जायचे. नव्या योजनेत मूळ वेतन शाबूत राहणार होते, पण वार्षिक वाढ कायद्याने बंधनकारक असेल तेवढीच. जुन्या किरकोळ किंमत निर्देशांकाऐवजी ती ग्राहक किंमत निर्देशांकाला बांधलेली, आणि हा निर्देशांक बहुधा कमी वाढतो. संरक्षण निधीत निवृत्तीचे वय न गाठलेल्यांना नव्वद टक्केच लाभ मिळणार होता. सुमारे ८३ हजार जणांनी नवी योजना निवडली. सुमारे २५ हजार जणांकडून उत्तरच आले नाही, ते आपोआप संरक्षण निधीच्या वाट्याला गेले.

वार्षिक वाढ कापली की भावी देणे घटते. जे संरक्षण निधीत गेले त्यांचे देणे कंपनीच्या डोक्यावरून उतरते. हा अंदाजातला बदल नव्हता, वचनच बदलले होते. म्हणून या फेररचनेचा निव्वळ परिणाम थेट नफ्यात गेला आणि ११,३७६ कोटींचा आकडा मुंबईच्या निकालपत्रात झळकला. हिशेब मानकाला धरून, कायदेशीर आणि पारदर्शक होता. मात्र वेल्समधील एखाद्या निवृत्ताच्या वाढीत जी कपात झाली, तिचीच दुसरी बाजू भागधारकाला नफा म्हणून वाचायला मिळाली, हे निकालपत्राच्या ओळीवरून कळण्याची सोय नव्हती.

या घडामोडींत भरडले गेले ते तिसऱ्याच वाटेने गेलेले लोक. योजनेबाबतच्या अनिश्चिततेने घाबरलेल्या सुमारे ७,८०० सदस्यांनी आपला हिस्सा एकरकमी काढून खासगी योजनांत टाकला. त्यासाठी सल्लागारांनी त्यांना गाठले होते. ब्रिटनच्या वित्तीय नियामकाने पुढे तपासलेल्या प्रकरणांपैकी ४६ टक्क्यांत हा सल्ला अयोग्य ठरला आणि २०२३ मध्ये भरपाईची योजना सुरू करावी लागली.

भारतात खासगी क्षेत्रात आयुष्यभराच्या निवृत्तिवेतनाचे वचन विरळाच. तरी हा विषय येथे अगदीच परका नाही. ग्रॅच्युइटी हे लाभाचे वचनच आहे आणि प्रत्येक मोठी कंपनी विमागणितज्ञाकडून त्याचे मूल्यांकन करून घेते. काही कंपन्या कामगारांचा भविष्य निर्वाह निधी स्वतःच्या न्यासामार्फत सांभाळतात. सरकारने जाहीर केलेल्या व्याजापेक्षा न्यासाची कमाई कमी पडली तर फरक कंपनीला भरावा लागतो, म्हणून तोही वचनाच्याच वर्गात मोडतो. वार्षिक अहवालाच्या मागील पानांवर ‘कर्मचारी लाभ’ या टिपणीत हे सारे असते. वटावाचा दर अर्धा किंवा एक टक्का इकडेतिकडे झाला तर देणे किती बदलेल, याचे कोष्टकही तेथेच छापलेले असते. ज्याला नफ्याचा आकडा पारखून घ्यायचा आहे, त्याने ते कोष्टक आधी पाहावे.

ब्रिटिश स्टीलच्या नव्या योजनेच्या विश्वस्तांनी त्यानंतर सारे देणे टप्प्याटप्प्याने लीगल अँड जनरल या विमा कंपनीकडे विम्याखाली नेले. मे २०२३ मध्ये शेवटचा टप्पा पूर्ण झाला तेव्हा एकूण व्यवहार ७.५ अब्ज पौंडांचा झाला होता. पोर्ट टालबोटची शेवटची झोतभट्टी ३० सप्टेंबर २०२४ रोजी विझली. तेथे पोलाद ओतणाऱ्यांचे निवृत्तिवेतन मात्र विमा कंपनीकडून येणाऱ्या पैशांतून पुढेही दरमहा मिळत राहिले.