दुय्यम साखळ्यांची हॉकी आणि वरठीचा लोहमार्ग

भंडारा हे जिल्ह्याचे ठिकाण खरे, पण मुंबईहून कलकत्त्यास जाणारा लोहमार्ग त्या गावास बगल देऊन उत्तरेने काही मैलांवरून गेला, आणि त्यामुळे भंडाऱ्याचे स्टेशन मोहाडी तालुक्यातील वरठी गावी उभे राहिले. स्टेशनच्या पाटीवर आजही ‘भंडारा रोड’ असे नाव आहे. सनफ्लॅगचा पोलाद कारखाना आणि हे स्टेशन, या दोन गोष्टींनी वरठीची ओळख घडविली आहे. हॉकीशी तिचा काही संबंध असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. परंतु १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने नागपूर-छत्तीसगडचा जुना मीटरमापी मार्ग ताब्यात घेऊन तो रुंद केला आणि पुढे बिलासपूर, खरगपूर करीत बंगालपर्यंत नेऊन भिडविला, तेव्हा त्या रुळांच्या कडेने मालधक्के व कारखाने यांबरोबर हॉकीची एक परंपराही रुजली. देशाच्या संघाला खेळाडू कोठून मिळतात, या प्रश्नाचे उत्तर शोधू पाहणाऱ्याने या परंपरेकडे लक्षपूर्वक पाहावे, असे मला वाटते.

भारतीय हॉकी महासंघाची स्थापना १९२५ साली ग्वाल्हेरास झाली आणि १९२८ च्या ऑलिंपिकसाठी संघ निवडावयाचा म्हणून कलकत्त्यास आंतरप्रांतीय स्पर्धा भरविण्यात आली. तीत उतरलेल्या पाच संघांत, भंडारा जिल्हा ज्यात मोडत असे त्या मध्यप्रांताचाही संघ होता. लोहमार्गाच्या मोठ्या ठाण्यांवर नोकरवर्गाच्या वसाहती, त्यांचे क्लब आणि मैदाने होती. कचेरीचे काम आटोपल्यावर कारकून, गार्ड व कारागीर संध्याकाळी तेथे काठ्या घेऊन उतरत. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळविणारा जो गॅलिबार्डी हा याच रेल्वेचा नोकर. बिलासपुरास १९२७ साली जन्मलेल्या लेस्ली क्लॉडियसची हकीकत तर या व्यवस्थेचे मर्मच उघड करते. तो मुळात फुटबॉल खेळणारा. १९४६ साली खरगपुरास रेल्वेच्या ‘अ’ आणि ‘ब’ संघांचा सामना चालला असता हा तरुण कडेला उभा राहून पाहत होता. एका संघात एक गडी कमी पडला, आणि १९३२ चा सुवर्णपदकविजेता डिकी कार याने त्याला काठी घेऊन आत बोलाविले. अवघ्या दोन वर्षांनी क्लॉडियस लंडन ऑलिंपिकच्या भारतीय संघात होता, आणि १९६० पर्यंतच्या चार ऑलिंपिकांत त्याने तीन सुवर्णपदके व एक रौप्यपदक मिळविले.

या प्रसंगात योगायोग आहे हे उघडच आहे. पण तो योगायोग घडून येण्यास आधी एक ‘ब’ संघ अस्तित्वात असावा लागतो, त्याचा सामना नेमल्या दिवशी व्हावा लागतो, आणि ज्याने जग जिंकले आहे असा माणूस त्या क्षुल्लक सामन्यास हजर असावा लागतो. या तिन्ही गोष्टींची तर्तूद रेल्वेच्या शिरस्त्यात होती.

वरठीहून पूर्वेकडे निघालेली गाडी तुमसर रोड, तिरोडा, गोंदिया, आमगाव, सालेकसा, डोंगरगड ही स्टेशने मागे टाकून राजनांदगावास पोहोचते. नांदगाव हे पूर्वी बैरागी महंतांचे छोटे संस्थान. त्याचे महंत राजा सर्वेश्वरदास यांच्या स्मरणार्थ तेथे अखिल भारतीय हॉकी स्पर्धा भरते, आणि त्या गावास लोक आपुलकीने ‘हॉकीची नर्सरी’ म्हणतात. बाहेरगावचे नामांकित संघ उतरले की त्यांचे खेळाडू गावातल्या पोरांना हाताच्या अंतरावरून पाहावयास मिळतात, आणि ज्याला उद्या खेळावयाचे आहे त्याच्या मनावर त्या दर्शनाचा संस्कार फार खोल होतो.

आपल्या महाराष्ट्रात असाच क्रम खडकीने दाखविला. धनराज पिल्ले १९६८ साली तेथे जन्मले. वडील दारूगोळा कारखान्याच्या मैदानाची देखभाल करीत, आणि मुलांनी टाकून दिलेल्या मोडक्या काठ्या बांधून त्यांवर खेळ शिकावा असे ते घर. परंतु कारखान्याच्या मैदानावरून धनराज थेट भारतीय संघात गेले नाहीत. थोरले बंधू रमेश मुंबईत खेळत होते, त्यांच्या आधाराने ते मुंबईस आले, महिंद्र अँड महिंद्रच्या संघात जोकिम कार्व्हालो यांच्या हाताखाली तयार झाले, मुंबईच्या क्लबांच्या चढाओढीत तावूनसुलाखून निघाले, आणि १९८९ साली भारतातर्फे मैदानात उतरले. चार ऑलिंपिके, चार विश्वचषक आणि १९९८ च्या बँकॉक आशियाई स्पर्धेतील सुवर्णपदक ही त्यांची कमाई सर्वश्रुत आहे. त्या कमाईमागे मुंबईतील क्लब-हॉकीची जी मधली पायरी होती, तिचा उल्लेख मात्र क्वचितच होतो.

या मधल्या पायरीचे महत्त्व शालेय स्पर्धांच्या रचनेवरून चांगले ध्यानात येते. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा त्या चढत्या स्पर्धा बाद पद्धतीने खेळल्या जातात. तालुक्याच्या पहिल्याच सामन्यात शाळा हरली की त्या अकरा मुलांचे हॉकीचे वर्ष संपले. साखळी पद्धतीत हरलेल्या संघालाही पुढल्या आठवड्यात खेळावयाचे असते, आणि खेळाडूची घडण बहुतांशी त्या पुढल्या आठवड्यात होत असते. पेनल्टी कॉर्नरचेच उदाहरण घ्या. एक मुलगा मैदानाच्या मागच्या रेषेवरून चेंडू आत सोडतो, दुसरा डीच्या, म्हणजे गोलापुढच्या अर्धवर्तुळाच्या, बाहेर तो काठीने जागच्या जागी अडवतो, तिसरा त्यावर झेपावून फ्लिक मारतो, आणि तेवढ्यात गोलरक्षक धरून पाच बचावपटूंपैकी पहिला अंगावर धावून येतो; हा सारा व्यवहार दोन-तीन सेकंदांचा. शिबिरात शंभरदा गिरवूनही, धावून येणारा गडी वयाने मोठा, अनोळखी आणि जिंकण्यास उतावीळ असल्यावर हात कसा चालतो, ते तेथे कळत नाही. मुरमाच्या मैदानावर तर चेंडू खड्यावर आपटून अकस्मात उडतो. अशा चेंडूला रिव्हर्सने, म्हणजे काठी उलटी वळवून, अडविणारे मनगट सामन्यांच्या संख्येवरच तयार होते.

परदेशांतही हेच दिसते. कॅनडा व अमेरिकेत बर्फावरची हॉकी लोकप्रिय आहे. तेथील सर्वोच्च लीगच्या संघांशी १९३६ पासून चालत आलेल्या अमेरिकन हॉकी लीगचे संघ संलग्न आहेत, आणि वरच्या संघातील बहुतेक खेळाडू या दुय्यम लीगमधूनच जातात. नेदरलँड्स हा जेमतेम एक कोटी ऐंशी लाख वस्तीचा देश. पण तेथे तीनशेहून अधिक क्लब आणि अडीच लाखांच्या आसपास नोंदलेले खेळाडू आहेत, लहान मुलांचे सामने हंगामात आठवड्याच्या आठवड्याला होतात, आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकची पुरुष व महिला अशी दोन्ही सुवर्णपदके त्याच देशाने नेली.

आपल्याकडे वरच्या थराची चिंता वाहणारे पुष्कळ आहेत. हॉकी इंडिया लीग २०१३ साली निघाली, २०१७ नंतर बंद पडली, २०२४ च्या अखेरीस पुन्हा सुरू झाली आणि महिलांसाठीही प्रथमच भरली. ही गोष्ट स्वागतार्ह आहे. साताऱ्याच्या फलटण तालुक्यातून वैष्णवी फाळके, अक्षता ढेकळे, ऋतुजा पिसाळ या शेतकरी मुलखातल्या मुली पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीमार्गे भारतीय संघापर्यंत पोहोचल्या, तेव्हा खेड्यातील गुणवत्तेविषयी कोणी शंका घ्यावी असे काही उरलेले नाही. प्रश्न आहे तो प्रबोधिनीच्या निवडीत जे पंधरा-सोळाव्या वर्षी मागे राहतात त्यांचा. क्लॉडियस एकोणिसाव्या वर्षी हॉकीकडे वळला; बाद पद्धतीच्या आजच्या शिस्तीत त्याची दखल कोणी घेतली असती की नाही, याची मला दाट शंका आहे.

म्हणून भंडारा व गोंदिया जिल्ह्यांची क्रीडा कार्यालये, रेल्वेचे अधिकारी, वरठीचा कारखाना आणि या पट्ट्यातील शाळा-महाविद्यालये यांना माझी विनंती आहे. कामठी, वरठी, तुमसर, तिरोडा आणि गोंदिया ही सर्व ठिकाणे एकाच लोहमार्गाने जोडलेली आहेत. सकाळच्या गाडीने संघ निघाला तर सामना खेळून रात्रीपर्यंत घरी परतू शकतो. दिवाळीपासून होळीपर्यंत दर रविवारी एक सामना, ‘अ’ आणि ‘ब’ अशा दोन श्रेणी, वर्षाअखेर एका संघाची चढती व एका संघाची उतरती, आणि प्रत्येक सामन्याची नोंद ठेवणारे एक दफ्तर, एवढ्यावर ही साखळी उभी राहील. तिला मोठ्या क्रीडागाराची गरज नाही. पहिली तीन वर्षे मुरमाच्या मैदानांवर निभावतील. येत्या दिवाळीपूर्वी पाचही गावांच्या मंडळींनी एकदा एकत्र बसावे आणि पहिल्या हंगामाचे वेळापत्रक ठरवावे.