आजीचे विसरणे : 'साठी बुद्धी नाठी' नव्हे, मेंदूचा आजार

म्हसवडच्या आठवडी बाजाराला गेलेली आजी रोजची वाट चुकते. सुनेला लेकीच्या नावाने हाक मारते. जेवण होऊनही 'मला कुणी वाढलं नाही' म्हणते. मग घरात कुणी 'साठी बुद्धी नाठी' म्हणून हसतो, कुणी देवऋषाकडे न्यायला सांगतो. आमच्या मते दोन्ही चूक. असे विसरणे वारंवार होऊ लागले, तर तो अल्झायमर असू शकतो.

१९०६ साली जर्मन डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनी स्मृती गेलेल्या एका मृत महिलेचा मेंदू तपासला. त्यात त्यांना गुठळ्या आणि गुंते दिसले. आज त्यांची नावे ठाऊक आहेत. बीटा अमायलॉइड या प्रथिनाचे तुकडे मेंदूत तयार होतच असतात. निरोगी मेंदूतून त्यांचा निचरा होतो. या आजारात ते एकमेकांना चिकटून पेशींच्या बाहेर साचतात. पेशीच्या आतले टाऊ प्रथिनही बिघडते आणि त्याचा गुंता होतो. पेशींचा एकमेकींशी संपर्क तुटतो आणि हळूहळू त्या मरतात.

नव्या आठवणी साठवणारा भाग आधी बाधित होतो. म्हणूनच आजीला सकाळची भाकरी आठवत नाही, पण १९७२ च्या दुष्काळात खडी फोडल्याचे लख्ख आठवते. ती सोंग करत नाही.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे; अल्झायमर हे त्याचे प्रमुख कारण. स्त्रियांमध्ये आणि शिक्षण न मिळालेल्यांमध्ये प्रमाण जास्त आढळले. शाळेचे दार ज्यांना बंद राहिले, त्या आपल्या आया-आज्यांनाच हा धोका अधिक, हे आपण विसरू नये.

आजार पूर्ण बरा करणारे औषध अजून नाही. पण बी-१२ ची कमतरता, थायरॉईड किंवा नैराश्य यांमुळेही विसर पडतो आणि त्यावर उपचार आहेत. म्हणून आधी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. रक्तदाब, साखर आणि ऐकू येणे यांकडेही लक्ष द्यावे. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही मोफत हेल्पलाइन आहे.

आजीने तोच प्रश्न दहाव्यांदा विचारला, तर दहाव्यांदा उत्तर द्यावे. तिला तो पहिलाच वाटतो.